खलनायक कुठल्या गावचा?

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात झालेलं भाषण)



दर वर्षी या मेळाव्यात बाहेरचा कोणीतरी पाहुणा बोलतो. या वर्षी पाहुणा मिळाला नाही, म्हणून आमच्यावर पाळी आली, हे आधीच सांगून टाकतो. गणपतीतल्या बालनाट्याचं काम आम्हा चौघांकडे आहे. इथे उभा एकच जण असला तरी मजकूर चौघांचा आहे, तेव्हा ‘आम्ही’ म्हटलं की मोठेपणा समजू नये.

विषय नाटकातूनच निघाला. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हापासून आपल्या मुलांना पौराणिक नाटक नको झालं आहे. यंदा त्यांनी जाहीरच केलं की नाटक चंद्रावर होणार. भारताचा तळ दक्षिण ध्रुवाजवळ, तिथे खड्ड्यांत बर्फ, बर्फाचं पाणी होतं, आणि ते पाणी कोणीतरी चोरतंय. इथपर्यंत गोष्ट दहा मिनिटांत तयार झाली. मग आम्ही विचारलं, चोरणारा कोण? पहिलं उत्तर आलं ‘पाकिस्तान’. दुसरं ‘चीन’, आणि त्याला पुरावाही जोडलेला, ‘काका, ते पण तिथंच यान पाठवतात.’ तिसऱ्या एका चिमुरड्याने ‘दाऊद’ म्हटलं. आम्हाला हसू आलं. पण घरी गेल्यावर चौघांनाही तेच खटकत राहिलं. शंभर वर्षांनंतरचं नाटक, चंद्रावरचं, आणि खलनायक मात्र काल रात्रीच्या बातम्यांतला.

मग आम्ही आठवायला बसलो की आपण स्वतः लहानपणी काय पाहिलं. आमच्यापैकी दोघं दूरदर्शनच्या काळातली. तेव्हा अंतराळाच्या मालिका लागायच्या. जपानी ‘जायंट रोबो’ होता, त्यातला दुष्ट सम्राट गिलोटिन परग्रहावरून येऊन समुद्राखाली ठाण मांडून बसलेला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आपली ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. त्यात कॅप्टन तारा आणि त्याच्या समोर झखाकू. पुठ्ठ्याचे सेट हलताना दिसायचे, पण त्याने आमचं काही बिघडलं नाही. झखाकूचा देश कोणता हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. तो परका होता, बस्स.

१९९७ साली ‘शक्तिमान’ सुरू झालं. मुकेश खन्ना शक्तिमान, सुरेंद्र पाल तमराज किल्विश. म्हणजे ‘महाभारता’तले भीष्म एका बाजूला आणि द्रोणाचार्य दुसऱ्या! किल्विशचा देश अंधार. त्याचा हस्तक डॉक्टर जॅकाल मात्र इथलाच शास्त्रज्ञ, बुद्धी चांगली पण वापर वाकडा. पुढच्याच वर्षी केतन मेहतांचं ‘कॅप्टन व्योम’ आलं, आपला मिलिंद सोमण नायक. साल २१२३. गुरूच्या आयो या चंद्रावरच्या तुरुंगातून बारा भयंकर गुन्हेगार पळतात आणि व्योमने एकेकाला पकडायचं. तिथे राष्ट्रंच उरलेली नाहीत. सगळ्या पृथ्वीचं एक सरकार, त्याचा विश्वप्रमुख.

हा विश्वप्रमुख कोण झाला होता, आठवतं? टॉम ऑल्टर. आणि ‘शक्तिमान’मधले महागुरू? तेही टॉम ऑल्टर. १९५० साली मसुरीत जन्मलेला, अमेरिकन आईबापांचा मुलगा, हिंदी-उर्दू अशी बोलणारा की आपण लाजावं. पण हिंदी सिनेमाने त्यांना वर्षानुवर्षं काय दिलं? लाल डगला घातलेला गोरा साहेब. ‘तुम काला लोग’ म्हणणारा. इतिहासाच्या गोष्टीत त्या चेहऱ्याला खलनायक होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गोष्ट भविष्यात नेल्याबरोबर तोच चेहरा जगाचा प्रमुख झाला, ऋषी झाला. आम्हाला वाटतं, आपल्या दूरदर्शनने नकळत केलेली ही फार मोठी गोष्ट होती, आणि तिचं कौतुक कोणी केलं नाही. ऑल्टर २०१७ मध्ये गेले. त्या वेळच्या श्रद्धांजलींतही गोऱ्या साहेबाच्याच भूमिका जास्त आल्या.

आता बाहेरच्यांनी आपल्याला काय केलं ते बघू. अमेरिकेतली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायची. जहाजावर आफ्रिकन वंशाची उहुरा, जपानी वंशाचा सुलू, आणि १९६७ पासून, ऐन शीतयुद्धात, चेकोव्ह नावाचा रशियन. त्या काळी अमेरिकन टीव्हीवर रशियन माणूस आपल्या बाजूला बसवायचा म्हणजे धाडसच. पण रशियाशी असलेलं भांडण कुठेतरी काढायला हवंच ना? ते काढलं क्लिंगॉनांवर. परग्रहावरचे, भुवया जाड, स्वभाव लढाऊ, साम्राज्य पसरवणारे. बघणाऱ्याला कळायचं की हे कोण. म्हणजे रशियन माणूस घरात घेतला आणि रशिया आकाशात पाठवला. पुढे क्लिंगॉनांशी तह होण्याचा चित्रपट आला तो डिसेंबर १९९१ मध्ये, ज्या महिन्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला त्याच महिन्यात. खलनायक निवृत्त कधी होतो, तर तिकडे खऱ्या भांडणातली हवा गेल्यावर.

याच मालिकेत फेब्रुवारी १९६७ मध्ये एक भाग लागला. शतकानुशतकं गोठून झोपलेला एक माणूस जहाजाला सापडतो. बुद्धीने आणि ताकदीने माणसापेक्षा वरचढ बनवलेला. त्याचं नाव खान नूनियन सिंग. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याच्याकडे बघून सांगते की हा उत्तर भारतातला असावा, बहुधा शीख. आता शिखाचं नाव खान कसं, दाढी नाही, पगडी नाही, हे विचारू नका. पगडी फक्त त्या बाईंनी काढलेल्या चित्रात आहे. मालिकेच्या हिशेबाने १९९२ ते १९९६ या काळात हा खान आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पाव जगावर राज्य करत होता. म्हणजे आपण बारडोलीत पहिल्यांदा केबल टीव्ही घेत होतो, त्या वर्षांत आपल्यावर त्याचं राज्य होतं आणि आपल्याला पत्ताच नाही!

गंमत पुढेच आहे. पहिल्या खर्ड्यात हा माणूस भारतीय नव्हताच. तो उत्तर युरोपातला, सोनेरी केसांच्या वळणाचा, नावही तसंच. मग भूमिकेसाठी रिकार्डो मोन्तालबान हे मेक्सिकन नट ठरले, आणि खलनायकाचा देश बदलला. मेक्सिकन नट, अंगाला सावळा रंग फासलेला, नाव अर्धं मुसलमानी अर्धं शीख, म्हणे भारतीय. कोणाचा आपल्यावर राग होता असं नाही. लेखकांना एक रुबाबदार, जरा गूढ, ‘पूर्वेकडचा’ माणूस हवा होता. पूर्व म्हणजे त्यांना एकच मोठी पिशवी, हात घालावा आणि हाताला येईल ते काढावं.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात एक खरीखुरी भारतीय नटी आहे. पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया, मुंबईची पारशी. उदवाडा-नवसारी आपल्याला जवळ, त्यामुळे तिचं आम्हाला जरा जास्तच. भूमिकेसाठी तिने डोक्याचा गोटा केला. आणि तिला कोण केलं? परग्रहावरची बाई. तेव्हा हिशेब असा, भारतीय खलनायक झाला मेक्सिकन आणि खरी भारतीय बाई झाली परग्रहवासी.

खानाचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण इथे मुलांच्या कामाचं काही आहे. १९८२ मध्ये तो पुन्हा मोन्तालबान होऊनच परतला. २०१३ च्या चित्रपटात खान झाला बेनेडिक्ट कंबरबॅच, दुधासारखा गोरा इंग्रज. यावर भारतीय वंशाच्या प्रेक्षकांत दोन तट पडले. एक म्हणे, एवढी मोठी भूमिका आपली होती, तीही काढून घेतली. दुसरे म्हणे, बरं झालं, इमारती पाडणारा दहशतवादी सावळा दाखवला नाही तेच उपकार. आम्हा चौघांतही यावर भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. २०२२ पासूनच्या नव्या मालिकेत याच खानाच्या वंशातली एक अधिकारी जहाजावर काम करते. ती चांगली, शूर, कामात चोख. पण आडनाव नूनियन-सिंग. त्या आडनावापायी लहानपणी तिला काय काय ऐकावं लागलं, हे ती सांगते. तो प्रसंग लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

त्याआधी एका जुन्या माणसाला भेटू. भा. रा. भागवतांनी ज्युल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांनी त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत फडशा पाडल्या. त्यातला कॅप्टन नेमो, ‘नॉटिलस’ पाणबुडीचा मालक. जहाजं बुडवतो, एका देशावर खुन्नस धरून आहे, पण कोणत्या ते सांगत नाही. १८७० च्या कादंबरीत त्याचं गाव नाही की नाव नाही, नेमो म्हणजे लॅटिनमध्ये ‘कोणीच नाही’. व्हर्नच्या मनात मुळात तो पोलंडचा सरदार होता. रशियाने १८६३ चा पोलिश उठाव चिरडला, घरदार मारलं, म्हणून हा रशियन जहाजं बुडवतो. पण त्याच्या प्रकाशकाने, हेत्झेलने, हात जोडले. रशियात आपली पुस्तकं खपतात, रशियाला खलनायक करू नका! झालं, नेमो बिनगावाचा झाला. पुढच्या ‘रहस्यमय बेटा’च्या कादंबरीत, १८७५ च्या सुमारास, त्याला गाव मिळालं. बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला, इंग्रजांनी बायकामुलं मारलेली. शिवाय टिपू सुलतानाचा भाचा की पुतण्या. बुंदेलखंडचा राजपुत्र टिपूच्या घरातला कसा, याचं उत्तर व्हर्नकडेच असेल. इंग्रज वाचक नाराज झाले तरी फ्रेंच प्रकाशकाला चालणार होतं, हाही हिशेब त्यात असावा असं आम्हाला वाटतं.

म्हणजे बघा, खलनायक कुठल्या देशाचा हे दीडशे वर्षांपूर्वीसुद्धा दुकानाच्या गल्ल्यावर ठरत होतं.

नेमो भारतीय आहे हे पुस्तकात छापलेलं असूनही पडद्यावर तो बऱ्याचदा इंग्रजच राहिला. १९५४ मध्ये जेम्स मेसन, १९९७ च्या टीव्हीवर मायकेल केन, २००५ च्या टीव्हीवर पॅट्रिक स्ट्युअर्ट. २००३ मध्ये एका चित्रपटात आपल्या नसिरुद्दीन शाहांना तो मिळाला. आणि मग २०२४ मध्ये ‘नॉटिलस’ नावाची दहा भागांची मालिका आली. तीत नेमो शहजाद लतीफ. लंडनचा नट, वडिलांकडून पाकिस्तानी वंशाचा. तो याआधी ‘स्टार ट्रेक’मध्ये माणसाच्या वेषात लपलेला क्लिंगॉन होता, हे आम्हाला उशिरा कळलं आणि फार हसू आलं. या मालिकेतला खलनायक कोण? ईस्ट इंडिया कंपनी. पोलंडचा म्हणून सुरू झालेला माणूस शेवटी आपल्या मुलुखाचा झाला आणि समोरच्याच्या टोपीवर कंपनीची खूण आली.

कंपनी म्हटल्यावर आपल्याला लांब जायला नको. १६०८ मध्ये हॉकिन्सचं ‘हेक्टर’ जहाज सुरतेलाच लागलं आणि कंपनीची वखारही तिथेच उघडली. इथून बस पकडली की तासाभरात आपण त्या गोष्टीच्या पहिल्या पानावर उतरतो. आम्ही मुलांना हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. चला, मिळाला खलनायक! चंद्रावर कंपनी सरकार! नाव काढायचं, डगले शिवायचे, काम खलास.

तेव्हा सातवीतली एक मुलगी, जी एरवी फारशी बोलत नाही, म्हणाली, ‘काकू, पण सुरत तर आपण लुटली ना?’

आम्ही म्हटलं, तुला कोणी सांगितलं? तिने सांगितलं. शाळेत इतिहासाचा तास संपल्यावर मागच्या बाकावरून तिला विचारलं होतं, ‘तमे लोकोए सुरत लूंट्युं हतुं ने?’ भांडण नव्हतं, चेष्टाच होती. विचारणारी तिची मैत्रीणच. डबा दोघी मिळून खातात. पण तिने घरी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण काय उत्तर द्यायचं ते माहीत नव्हतं.

आम्हाला तरी कुठे माहीत होतं? आपण महाराष्ट्रात वाढलेली माणसं. आपल्या पाठ्यपुस्तकात सुरतेचा धडा छाती फुगवून वाचला. जानेवारी १६६४ आणि मग ऑक्टोबर १६७०. शायिस्ताखान तीन वर्षं पुण्यात बसून मुलूख नासवत होता, त्याची भरपाई महाराजांनी मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून केली. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, बोलणी करायला म्हणून मारेकरी पाठवला. कॅपुचिन पाद्र्यांच्या मठाला धक्का लावला नाही, दानधर्मासाठी नाव असलेल्या एका मृत दलालाचं घर सोडलं, हे फ्रेंच प्रवासी बर्निएने लिहून ठेवलं आहे. हे सगळं खरं आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण विरजी व्होरांचं घर लुटलं गेलं हेही खरं. विरजी व्होरा मोगल नव्हते. जैन व्यापारी, इतके मोठे की खुद्द इंग्रज कंपनी त्यांच्याकडून कर्ज उचलायची. त्यांच्या घरातल्या बाईमाणसाने त्या रात्री सह्याद्रीकडून आलेल्या घोडेस्वारांना कोणत्या नावाने ओळखलं असेल? एका बाजूचा तोच धडा, दुसऱ्या बाजूने वाचला की परग्रहवासीयांची स्वारी. बंगालात तर रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांना पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, तरी ‘बर्गी’ आले अशी भीती घालणारं अंगाईगीत अजून गातात. ते बर्गी म्हणजे आपणच.

या बाबतीत एच. जी. वेल्स प्रामाणिक होता. १८९८ च्या त्याच्या कादंबरीत मंगळावरचे लोक इंग्लंडवर चाल करून येतात, आणि पहिल्याच प्रकरणात तो वाचकाला टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण देतो. त्यांचा समूळ नाश आपणच केला, मग मंगळवाल्यांना नावं कशाला ठेवता, असा त्याचा रोख. परग्रहवासी रंगवताना त्याने आरसा समोर ठेवला होता.

मराठीत जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिलं. आपल्यातल्या ज्यांची मुलं केंद्रीय बोर्डात आहेत त्यांनी ते अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ म्हणून पाहिलं असेल. पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय, याची ती कथा. त्यात खलनायक नाही! आम्ही हे पहिल्यांदा लक्षात घेतलं तेव्हा पुन्हा वाचून पाहिलं. पानिपत हा विषय, आणि मराठी लेखकाने अब्दालीला शिव्या घालण्यात एक पानही घालवलं नाही. त्याला कुतूहल होतं ते एवढंच की एक गोळी जराशी बाजूने गेली तर इतिहास कसा वळतो.

आता एक शेवटची मालिका सांगतो. आम्हा चौघांच्या मते या सगळ्यांत ती सरस. ब्रिटनची ‘डॉक्टर हू’ १९६३ मध्ये सुरू झाली. तिचे सुरुवातीचे खलनायक, डालेक नावाचे डबे, लेखकाने हिटलरच्या माणसांवरून बेतले होते, ते समजण्यासारखं आहे, युद्ध संपून अठराच वर्षं झाली होती. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये तिचा एक भाग आला, पंजाबात, १९४७ च्या ऑगस्टात. लेखक विनय पटेल. आडनाव ऐकून आमच्या शेजाऱ्यांनी माना डोलावल्या, बरोबर आहे. डॉक्टरच्या बरोबर असलेल्या यास या मुलीची आजी उम्ब्रीन, तिचं तरुणपणी प्रेम नावाच्या हिंदू मुलाशी लग्न ठरलेलं, आणि नेमकी त्यांच्या शेतातून फाळणीची रेषा जाणार. तिथे दोन परग्रहवासी दिसू लागतात. उंच, भेसूर चेहऱ्याचे. एका साधूचा खून होतो. प्रेक्षकाची खात्री होते, हेच मारेकरी. चाळीस मिनिटं आपण त्यांच्या मागे धावतो. आणि मग कळतं की ते मारायला आलेलेच नाहीत. त्यांचा स्वतःचा ग्रह नष्ट झाला, आपल्या माणसांच्या शेवटच्या क्षणी त्यांना जवळ असता आलं नाही. म्हणून आता जगात कुठेही कोणी एकटं मरत असेल तर त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं, हे व्रत त्यांनी घेतलं आहे. साधूला मारलं ते प्रेमच्या धाकट्या भावाने, मनीषने. हातात रेडिओ आणि डोक्यात भाषणं. तोच पुढे हत्यारबंद माणसं घेऊन येतो आणि सख्खा भाऊ त्याच्यासमोर गोळीला बळी पडतो.

फाळणीवर मालिका करायची आणि खलनायक ना पाकिस्तान, ना भारत, ना परग्रह. खलनायक घरातला, आईच्या हातचं जेवणारा. आम्ही हा भाग मोठ्या मुलांना दाखवला. त्यातला एक जण, ज्याने पहिल्या दिवशी ‘पाकिस्तान’ म्हटलं होतं, तो म्हणाला, ‘पण मग त्या मनीषला कोणी शिकवलं?’ याला आमच्याकडे झटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आपल्या बारडोलीतही हा प्रश्न एकदा येऊन गेला आहे. १९२८ चा सत्याग्रह आपल्याला पाठ आहे. सरकारने सारा सुमारे बावीस टक्क्यांनी वाढवला, वल्लभभाईंनी शेतकरी उभे केले, आणि इथेच ते सरदार झाले. जप्तीसाठी मुंबई सरकारने पठाण आणले. म्हशी ओढून नेऊ नयेत म्हणून लोकांनी त्या घरात कोंडल्या, दारं लावून आत राहिले. त्या पिढीच्या तोंडून ज्यांनी गोष्टी ऐकल्या त्यांना विचारा, गोष्टीतला खलनायक पठाणच असतो. दाराशी काठी घेऊन तोच उभा होता ना. हुकूम काढणारा साहेब कचेरीत बसलेला, तो कोणी पाहिला नाही. पठाण रोजंदारीवर आणलेला परमुलखातला माणूस, पण वाईटपणा सगळा त्याच्या पगडीवर गेला. आणि शेवटी चौकशी झाली ती ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन इंग्रज अधिकाऱ्यांकडून. त्यांनी गावोगाव फिरून, शेतकऱ्यांचं ऐकून लिहून दिलं की वाढ जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास न्याय्य आहे. इंग्रजांनीच इंग्रज सरकारचा हिशेब चुकीचा ठरवला. या गोष्टीवर विज्ञान मालिका काढायची तर परग्रहवासी कोणाला करणार?

जाता जाता एक अवघड गोष्ट. ताप्ती लाइनने आपले बरेच जण खानदेशातून इथे आले, स्थिरावले, बँकेत, शाळेत, दुकानात लागले. त्याच बाजूने दर वर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या येतात, साखर कारखान्याच्या हंगामासाठी, आणि पालं ठोकून राहतात. गावात काही चोरीला गेलं की पहिलं बोट तिकडे जातं. कधी कधी ते आपलंही असतं. गणपतीत ती मुलं इथे नसतात, म्हणून आपल्या नाटकात ती नाहीत, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो. गणपती नसला तरी शिमगा असतो, तेव्हा ती असतात. पुढच्या वर्षी एक प्रयोग मार्चमध्ये पालांजवळ करायचा विचार आहे. कार्यकारिणीने खर्चाला मान्यता द्यावी, ही या भाषणातली एकमेव मागणी.

नाटकाचं काय झालं ते सांगून थांबतो. त्या सातवीतल्या मुलीने आणि तिच्या गुजराती मैत्रिणीने मिळून कथा बदलली. आता चंद्रावर दोन वस्त्या आहेत. प्रत्येकीला वाटतं, समोरची आपलं पाणी चोरते. दोन्हीकडे रोज रात्री ‘चोर आले’ म्हणून भोंगा वाजतो. पहिल्या अंकात प्रेक्षक एका वस्तीत बसलेले, दुसऱ्या अंकात तीच रात्र दुसऱ्या वस्तीतून दिसते. पाणी नेणारा निघतो दोन्ही वस्त्यांना पाणी विकणारा कंत्राटदार. एका बाजूचं पाणी रात्री काढायचं आणि सकाळी दुसऱ्या बाजूला विकायचं. त्याला गाव नाही, देश नाही, पण काळा झगा आहे, आणि झगा आल्यापासून ती भूमिका पाच जणांना हवी आहे. मैत्रीण दुसऱ्या वस्तीची कॅप्टन आहे. तिची वाक्यं गुजरातीत ठेवली आहेत, सगळ्यांना कळतात.

खलनायकाच्या रॉकेटवर मुलांनी निळा पाण्याचा जार रंगवला होता. आपल्या मंडळाचे एक सभासद, ज्यांचा जारच्या पाण्याचाच व्यवसाय आहे, ते परवा तालीम बघायला आले. शेवटपर्यंत बसले, टाळ्याही वाजवल्या. मग आम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘नाटक छान आहे, पण तेवढा जार निळा ठेवू नका.’ आम्ही जार काढून पिंप रंगवलं आहे. प्रयोग चौथ्या दिवशी, रात्रीच्या आरतीनंतर लगेच. चंदेरी कागद कमी पडतो आहे, कोणाकडे असेल तर द्यावा.